हिरवं पाणी कुणासाठी? घरच्या घरी वनस्पती प्लवक वाढवण्याआधी आणि वाढवताना

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांना वनस्पती प्लवकांबद्दल, म्हणजे हौशी मंडळी ज्याला नुसतं 'फायटो' म्हणतात त्याबद्दल, जे प्रश्न पडतात ते बहुतेक सगळे कृतीचे असतात. खत कोणतं घालायचं, लाइट किती तास ठेवायचा, आठ दिवस झाले तरी पाणी हिरवं का होत नाही, आणि झालेलं हिरवं पाणी एका रात्रीत पिवळं का पडलं. या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत, ती पुढे दिलीच आहेत. पण त्यांच्या आधीचा प्रश्न फार थोडे जण विचारतात: तुमच्या टँकमध्ये हे खाणार कोण? तो सुटला की शेवाळाची जात, बाटल्यांची संख्या, रोजचा डोस, इतकंच काय, घरी वाढवायचं की विकत आणायचं हेही ठरून जातं. तो सुटला नाही, तर उत्तम वाढलेलं फायटोसुद्धा टँकमध्ये निव्वळ खत म्हणून पडतं आणि काचेवरचं शेवाळ पोसतं.

खाणारा आधी ठरवा

'फायटो दिलं की कोरल फुलतात' हे वाक्य दुकानांत आणि हौशी लोकांच्या गप्पांत इतक्या वेळा ऐकू येतं, की ते तपासावंसं कुणाला वाटत नाही. टँकमध्ये ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक टणक कोरलांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशातून ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. वरून जे हवं ते अशी कोरलं प्राणिप्लवकांसारख्या मोठ्या घासांतून घेतात. दोन-चार मायक्रॉनच्या हिरव्या पेशी त्यांच्या फारशा कामाच्या नसतात. उलट, ज्या मऊ कोरलांच्या अंगात शैवाल राहत नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे. फॅब्रिशियस, बेनायाहू आणि जेनिन या संशोधकांनी १९९५ साली तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थिया या मऊ कोरलवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणिप्लवकांतून त्याला मिळणारं अन्न तोकडं होतं, आणि गरज भागत होती ती वनस्पती प्लवकांवर. हा निष्कर्ष फायटोच्या बाजूनं वारंवार पुढे केला जातो, पण तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, हे कोरल सतत वाहत्या पाण्यात राहून दिवसरात्र पाणी गाळतं, दिवसातून एकदा दिलेल्या डोसवर नाही. दोन, घरच्या टँकमध्ये ते टिकवणं मुरलेल्या हौशी लोकांनाही जड जातं. थोडक्यात, फायटो खाणारी कोरलं आहेत, पण ती तुमच्या टँकमध्ये असण्याची शक्यता कमी आहे.

मग खरे गिऱ्हाईक कोण? तुमच्या टँकमध्ये यांपैकी काय आहे, ते पाहा:

- कोपेपॉड आणि इतर पॉड्स. घरगुती टँकमधला हा सर्वांत मोठा खाणारा. फायटोनं पॉड्स पोसले जातात आणि पॉड्सवर मँडरिनसारखा मासा जगतो. मँडरिन ठेवला असेल किंवा ठेवायचा असेल, तर फायटो वाढवायला हे एकच कारण पुरे.
- पाणी गाळून खाणारे. फेदर डस्टर किडे, लहान शिंपले, स्पंज आणि खडकांवर आपोआप वाढणारे बारीक जीव. यांना थोडं पण नियमित लागतं.
- रोटिफर, म्हणजे माशांच्या पिल्लांचं सूक्ष्म जिवंत खाद्य. क्लाउनफिशची पिल्लं वाढवायची असतील तर रोटिफरला पर्याय जवळजवळ नाही, आणि रोटिफरला फायटो रोज लागतं. इथे गरज मिलिलिटरमधून एकदम लिटरमध्ये जाते.
- नुसते मासे आणि सामान्य कोरल. यांना थेट उपयोग नगण्य. इथेच थांबलात तरी टँकचं काही बिघडणार नाही.

क्लाउनफिशबाबत वेळेचं गणित नेहमी चुकतं, म्हणून ते वेगळं सांगायला हवं. अंडी दिसल्यावर धावपळ सुरू होते, पण अंडी साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात. तेवढाच वेळ फायटोची एक बाटली तयार व्हायला लागतो, आणि त्यावर रोटिफर वाढायला आणखी आठवडा तरी हवा. त्यामुळे पहिली अंडी हातची गेली असं समजूनच चाला. जोडी एकदा अंडी घालू लागली की पुढे नियमित घालत राहते, तेव्हा कल्चर स्थिर करून दुसरी-तिसरी खेप धरावी हे शहाणपणाचं.

'फायटोनं नायट्रेट कमी होतं' हा समज

खाणारा ठरवण्याचा मुद्दा काही जण असा उडवून लावतात: 'कोणी खाओ न खाओ, जिवंत फायटो पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं, म्हणजे फायदाच.' त्याच वेळी दुसऱ्या टोकाचे लोक घाबरवतात की बाटलीत उरलेल्या खतानं टँक नासतो. दोन्ही बाजू आकडा न मांडता बोलतात. शेवाळासाठी जगभर वापरलं जाणारं खत म्हणजे गिलार्ड यांचं एफ-बाय-टू मिश्रण. त्यात लिटरला ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, म्हणजे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायट्रेट, आणि फॉस्फेट सुमारे ३.४ मिलिग्रॅम. बाटलीत हे नायट्रोजन पाण्यात मोकळं असो की पेशींत बांधलेलं असो, एकूण बेरीज तुम्ही घातलं त्याहून फारशी वाढू शकत नाही. तीच वरची मर्यादा धरा. २०० लिटरच्या टँकमध्ये रोज ५० मिलिलिटर दिलं, तर नायट्रेट रोज जास्तीत जास्त ०.०१४ मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढेल. कुणी काहीच खाल्लं नाही आणि स्किमरनं काहीच काढलं नाही असं धरलं, तरी महिन्याला सुमारे ०.४. फॉस्फेटचा हाच हिशेब महिन्याला सुमारे ०.०२५ येतो. एवढ्यानं टँक नासत नाही.

पण हाच डोस उत्साहाच्या भरात दसपट केला, की महिन्याचा आकडा नायट्रेटचा ४ आणि फॉस्फेटचा पाव मिलिग्रॅमवर जातो, आणि रीफ टँकमध्ये पाव मिलिग्रॅम फॉस्फेट ही काळजी करण्याची गोष्ट आहे. बघा, आधी डोकं वर काढतं ते फॉस्फेट. चाचणी करताना सगळे नायट्रेटच बघत बसतात. आणि 'शोषतं' या दाव्याचं म्हणाल तर बाटलीतून ओतलेला प्रत्येक थेंब बाहेरून नायट्रोजन घेऊन येतो. टँकमध्ये पडल्यावर जिवंत पेशी थोडंफार शोषतीलही, पण त्या पेशी स्किमरनं काढल्या किंवा खाणाऱ्यानं खाऊन अंगाला लावल्या, तरच ते हिशेबातून जातं. खाणारा नसेल तर त्या मरतात आणि घेतलेलं सगळं परत देतात. प्रश्न फिरून पुन्हा खाणाऱ्यापाशीच येतो.

विकत आणावं की वाढवावं?

विकतच्या बाटल्यांत दोन प्रकार असतात: घट्ट केलेलं, मृत पेशींचं द्रावण आणि जिवंत कल्चर. पहिलं सोयीचं, पण थोडं जास्त पडलं तरी पाणी बिघडवतं, कारण न खाल्लेल्या मृत पेशी लवकर कुजायला लागतात. जिवंत पेशी काही काळ तरंगत राहतात, म्हणून त्यांच्याबाबतीत चूक पचते. आपल्याकडे खरी अडचण वाहतुकीची आहे. जिवंत बाटली थंडीत टिकते, आणि मुंबई-पुण्यापर्यंत एप्रिल-मे महिन्यात कुरियरनं दोन दिवस फिरून आलेली बाटली किती जिवंत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून माझा कौल असा आहे: टँकमध्ये गाळून खाणारे थोडेच असतील आणि आठवड्याला शंभर-दीडशे मिलिलिटरच लागत असेल, तर चांगल्या विक्रेत्याकडून विकत आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मँडरिन, पॉड्सचं वेगळं कल्चर किंवा रोटिफर असतील, तर घरी वाढवण्याला पर्याय नाही.

कोणती जात घ्यावी

- नॅनोक्लोरॉप्सिस. पेशी २ ते ४ मायक्रॉनच्या. चिवट, लवकर वाढते, फ्रिजमध्ये चांगली टिकते, रोटिफरला उत्तम. ईपीए हे मेदाम्ल भरपूर. पेशीभित्ती जाड असल्यानं काही जीवांना ती नीट पचत नाही, हा तिचा दोष. सुरुवात हिच्यापासूनच करा.
- टेट्रासेल्मिस. पेशी साधारण १० मायक्रॉनच्या, स्वतः पोहणाऱ्या. पॉड्सना फार आवडते. पोहत असल्यानं तळाशी कमी बसते.
- आयसोक्रायसिस. सोनेरी-तपकिरी, पेशीभित्ती नाही, डीएचए हे मेदाम्ल जास्त. पोषणाला सरस, पण नाजूक आणि साठवणीला वाईट. हिची ताहितीहून आलेली जात उष्णता जास्त सोसते, आपल्याकडे घ्यायची तर तीच.
- डायटम. यांना सिलिकेट वेगळं द्यावं लागतं. पहिल्या वर्षी यांच्या नादी लागू नका.

दोन जाती ठेवायच्या असतील तर हत्यारं, नळ्या, झाकणं सगळं वेगळं ठेवा. नॅनोक्लोरॉप्सिसचा एक शिंतोडा आयसोक्रायसिसच्या बाटलीत गेला की काही आठवड्यांत तिथे नॅनोक्लोरॉप्सिसच उरते. गोड्या पाण्यातली स्पिरुलिना किंवा क्लोरेला पावडर आणून 'तेच ते' म्हणणारेही भेटतात. माशांचं खाद्य म्हणून पावडर ठीक आहे, पण तिच्यापासून कल्चर होत नाही. आणि टँकच्या काचेवरचं हिरवं खरवडून बाटलीत वाढवण्याची कल्पना स्वस्त असली तरी त्यात काय काय आहे हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही. ती सोडून द्या.

मूळ कल्चर कुठून आणायचं? समुद्री माशांचं बीजोत्पादन करणाऱ्या संस्था शेवाळाची शुद्ध कल्चर्स सांभाळतात. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि चेन्नईची केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्था ही त्यातली मोठी नावं. कोलंबीच्या हॅचरींतही ही कल्चर्स असतात. वैयक्तिक हौशी माणसाला कल्चर मिळेलच असं नाही, पण विचारायला हरकत नाही. न मिळाल्यास चालू, गडद आणि ताजं कल्चर असलेल्या हौशी व्यक्तीकडून घ्या, आणि घेताना बाटली उजेडात धरून बघा. काय बघायचं ते पुढे आहे.

सामान

सामान साधं आहे आणि बहुतेक घरातच असतं: दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या दोन किंवा तीन, लहान एअर पंप, कडक प्लॅस्टिकची नळी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, कूल डेलाइट एलईडी ट्यूब, टँकसाठीचं सॉल्ट मिक्स, रिफ्रॅक्टोमीटर, एफ-बाय-टू खत, साधं ब्लीच आणि सोडियम थायोसल्फेट. यातल्या तीन गोष्टींत लोक बचत करतात आणि तिथेच फसतात.

पहिली गोष्ट खत. शेतीच्या दुकानात १९:१९:१९ स्वस्तात मिळतं आणि त्यानं पाणी हिरवं होतंही. पण त्यातलं बरंचसं नायट्रोजन युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतं. फायटोच्या बाटलीत दिवसा पीएच ९ च्या आसपास चढतो आणि तेवढ्या पीएचला अमोनियमचा मोठा भाग अमोनिया होतो. तो मग डोसाबरोबर टँकमध्ये. सूक्ष्म अन्नद्रव्यांची शेतीची मिश्रणं आणखी वाईट, कारण त्यांत तांबं असतं आणि तांब्यापुढे कोळंबी, किडे, शिंपले टिकत नाहीत. एफ-बाय-टूमध्येही तांबं आहे, पण लिटरला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम. प्रमाणातला हा फरक म्हणजेच त्या महाग बाटलीची किंमत.

दुसरी गोष्ट पाणी. गिरगाव किंवा जुहूच्या किनाऱ्यावरचं पाणी फुकट असलं तरी त्यात गाळ, सांडपाणी आणि असंख्य प्राणिप्लवक असतात. आरओ पाणी आणि सॉल्ट मिक्स यांनाच चिकटून राहा. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये नळाचं थोडं पाणी मिसळून टीडीएस वाढवण्याची सोय असते, शक्य असेल तर ती बंद करून घ्या.

तिसरी गोष्ट तो पाच-दहा रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. वीज गेली की पंप बंद पडतो, बाटलीतलं पाणी नळीतून उलटं चढतं आणि पंपात उतरतं. पंप बाटल्यांपेक्षा उंचावर ठेवला तरी व्हॉल्व्ह लावाच, कारण एकाच पंपावर दोन बाटल्या असतील तर एकीतलं दुसरीत जाण्याचा रस्ता तोच.

कृती

1. पाणी बनवा. खारटपणा टँकपेक्षा कमी ठेवा: विशिष्ट गुरुत्व १.०१९ ते १.०२०. लिटरला साधारण २७-२८ ग्रॅम मीठ लागेल, पण रिफ्रॅक्टोमीटरनं खात्री करा.
2. निर्जंतुक करा. बाटली, नळी, झाकण आणि पाणी एकत्रच. लिटरला १ मिलिलिटर साधं ब्लीच घालून हवा चालू ठेवा आणि रात्रभर राहू द्या. ब्लीच सुवासिक किंवा साबणयुक्त नसावं. फार जुनं असेल तर त्याची ताकद गेलेली असते.
3. क्लोरीन मारा. दुसऱ्या दिवशी लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम सोडियम थायोसल्फेट. दुकानात पूर्ण नाव सांगूनच मागा. तासाभरानं क्लोरीन उरलं नाही ना, हे पाहा. ग्रामपंचायतीच्या पाण्यासाठी जी ओटी टेस्ट करतात तीच इथे चालते: थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर अजून क्लोरीन आहे.
4. खत घाला. लेबलवरच्या प्रमाणात, आणि क्लोरीन गेल्यावरच. क्लोरीननं खतातली जीवनसत्त्वं नष्ट होतात.
5. विरजण घाला. मूळ कल्चर एक भाग, नवं पाणी चार भाग. विरजण कमी पडलं तर दही लागत नाही तसंच इथे होतं: पाणी पहिल्याच दिवशी फिकं हिरवं दिसलं पाहिजे, नाहीतर शेवाळाआधी दुसरंच काही वाढतं.
6. हवा आणि लाइट. नळी तळापर्यंत सोडा, टोकाला एअर स्टोन लावू नका. बारीक बुडबुड्यांनी फेस येतो आणि खारे शिंतोडे झाकणाच्या भोकातून बाहेर उडतात. मोठे बुडबुडे हवेत, सेकंदाला दोन-तीन. लाइट १६ तास चालू, ८ तास बंद, बाटलीपासून वीतभर अंतरावर.
7. काढणी. सात ते दहा दिवसांत पाणी गडद होतं. बाटलीमागे बोट धरलं आणि ते दिसेनासं झालं, की अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत काढा. उरलेल्यात निर्जंतुक खारं पाणी आणि खत घालून पुन्हा चालू करा.

एक सूचना ठळकपणे देतो: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही आम्ल कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. बाटल्यांवरची मिठाची खपली काढायला व्हिनेगर उत्तम, पण वेगळ्या दिवशी, बाटली भरपूर पाण्यानं धुतल्यावर.

काढलेलं फायटो फ्रिजमध्ये दोन ते चार आठवडे टिकतं. आयसोक्रायसिस मात्र आठवड्यात संपवा. बाटली रोज एकदा हलवा, नाहीतर तळाशी बसलेल्या पेशी गुदमरून मरतात. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव-तारीख लिहून घरच्यांना सांगून ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं गार हिरवं पाणी खसचं सरबत समजून कुणी प्यायला नको.

डोस देताना स्किमर आणि यूव्ही तासभर बंद ठेवा, नाहीतर अर्धं फायटो स्किमरच्या कपात जातं. सुरुवात २०० लिटरला रोज २० मिलिलिटरपासून करा आणि दोन आठवड्यांनी फॉस्फेट मोजून मगच वाढवा.

कल्चर का बसतं

'सगळं नीट केलं तरी कल्चर बसलं', म्हणजे मरून पिवळं पडलं, ही तक्रार सर्वांत जास्त असते, आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा खतात शोधलं जातं. खतामुळे कल्चर क्वचितच बसतं. बसतं ते उष्णतेनं, घुसखोरीनं किंवा काढणी लांबवल्यानं. तिसरं कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. गडद हिरवी बाटली बघायला छान वाटते म्हणून लोक ती आणखी चार दिवस ठेवतात. तोवर आतल्या पेशींना उजेड मिळेनासा होतो, खत संपतं, पीएच चढतो आणि मग रात्रीत सगळं पिवळं. गडद झालं की काढायचं, गरज नसेल तर ओतून द्यायचं, पण काढायचंच.

घुसखोर ओळखायला महागडं काही लागत नाही. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या बाजूनं लावा आणि आडव्या प्रकाशात बघा. हिरव्या पाण्यात पांढरे बारीक ठिपके गिरक्या घेत फिरताना दिसले तर ते रोटिफर. चांगल्या कल्चरमध्ये असं काही हलताना दिसत नाही, नुसतं एकसारखं हिरवं धुकं दिसतं. रोटिफर दिसले तर बाटली वाचवण्याचा प्रयत्न करू नका. ती रोटिफरला खायला घाला किंवा ब्लीच घालून ओता आणि राखीव बाटलीतून नवी सुरू करा. रोटिफरचं कल्चर ज्या खोलीत आहे तिथे फायटो ठेवू नका, कारण हवेच्या बुडबुड्यांतून उडणारे सूक्ष्म थेंबही पुरेसे असतात. हाताळणीही आधी फायटोची, मग रोटिफरची. उलट कधी नाही.

वासाकडेही लक्ष द्या. चांगल्या कल्चरला ओल्या गवतासारखा, थोडा खारट वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला, पेशींचे गोळे तळाशी बसले आणि वर पाणी स्वच्छ झालं, तर ते टँकमध्ये देण्याच्या लायकीचं नाही. 'थोडं दिलं तर काय होतं' हा मोह टाळा.

कोकण-मुंबईचा उन्हाळा

परदेशी पुस्तकांत तापमान २० ते २५ अंश दिलेलं असतं आणि आपल्याकडे ते वाचून लोक निराश होतात. नॅनोक्लोरॉप्सिस २८-२९ अंशांपर्यंत निभावून नेते, टेट्रासेल्मिसही. त्यापुढे धोका. मुंबई, कोकण, गोव्यात मे महिन्यात बंद खोलीतलं तापमान त्याच्यावर जातं आणि ट्यूबजवळची बाटली त्याहून दोन-तीन अंश जास्त तापते. उपाय साधे आहेत: लाइट रात्री चालू आणि दुपारी बंद, ट्यूब थोडी लांब, बाटल्या पाण्यानं भरलेल्या उथळ टबमध्ये उभ्या आणि वर पंखा. बाल्कनीतल्या उन्हात ठेवण्याचा सल्ला मात्र मानू नका. दोन लिटरची बाटली तिथे कल्चर मरेल इतकी तापते. आणि उन्हाळ्याआधी एक राखीव बाटली फ्रिजमध्ये नक्की ठेवा, मे महिन्यात कल्चर बसलं तर जूनमध्ये तिच्यावरच पुन्हा सुरुवात होते.

कायदा आणि तुमचे हक्क

फायटो वाढवण्यावर भारतात काही बंधन नाही. बंधन आहे ते खाणाऱ्यांवर, आणि खाणारा ठरवताना ते माहीत हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ साली सगळी टणक कोरलं, काळी कोरलं, फायर कोरल, सी फॅन, समुद्रघोडे आणि ट्रायडॅक्नाच्या जातींसह काही शिंपले घातले गेले. म्हणजे परदेशी लेखांत 'फायटो खाणारा उत्तम प्राणी' म्हणून ज्या जायंट क्लॅमचं कौतुक असतं, तो इथे घेणं तुम्हाला अडचणीत आणू शकतं. 'परवाना आहे' असं दुकानदार तोंडी म्हणत असेल तर कागद दाखवायला सांगा. नसेल तर सोडा. आखातात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना तिथले नियम लागू होतात. तिथेही क्लॅम आणि कोरल घेताना वन्यजीव व्यापाराच्या साइट्स (CITES) कराराची कागदपत्रं मागायला संकोच करू नका.

विकत घेताना ग्राहक म्हणून तुम्ही हे मागू शकता:

- बिल, आणि बाटलीवर भरल्याची तारीख. 'जिवंत' लिहिलेल्या बाटलीवर तारीख नसेल तर घेऊ नका.
- ऑनलाइन घेत असाल तर वस्तू कोणत्या देशातली आहे ती माहिती. ती दाखवणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे.
- मेलेलं कल्चर आलं तर बदली किंवा पैसे परत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.
- दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या ठिकाणच्या आयोगाकडे करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही.

एक कर्तव्य तुमच्याकडूनही. उरलेलं कल्चर आणि टँकचं पाणी खाडीत, समुद्रात किंवा पावसाळी गटारात ओतू नका. त्यात बाहेरच्या जाती असतात. ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि मग घरातल्या सांडपाण्यात सोडा.

कधी थांबावं

'इतकं सगळं करायचं तर त्यापेक्षा नकोच' असा आक्षेप वाचून होता होता मनात आलाच असेल, आणि काही टँकपुरता तो अगदी बरोबर आहे. एकदा घडी बसली की हे काम आठवड्याला तासाभराचं आहे, पण तो तास दर आठवड्याला द्यावा लागतो. गणपतीला गावी गेल्यावर बाटल्या कुणी बघायच्या, याचं उत्तर आधी शोधा. आठवडाभर बाहेर जायचं असेल तर निघण्यापूर्वी काढणी करून लाइट आठ तासांवर आणला तर कल्चर सहसा निभावतं. त्याहून जास्त दिवसांसाठी फ्रिजमधली राखीव बाटली हाच खरा भरवसा.

आणि परिणाम मोजा. सुरू करण्याआधी रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्चनं काचेवरचे पॉड्स बघा, फोटो काढा, फॉस्फेटची नोंद करा. तीन महिन्यांनी तेच पुन्हा करा. पॉड्स वाढलेले दिसले, फेदर डस्टर नवी नळी बांधत असेल, मँडरिनचं पोट भरलेलं दिसत असेल, तर चालू ठेवा. फॉस्फेट चढलं आणि बाकी काहीच बदललं नाही, तर तुमच्या टँकमध्ये खाणारा नाही. मग बाटल्या धुऊन ठेवा आणि डोस बंद करा.